एका छायाचित्रातील तीन कोंबड्या

कोंबडीच्या वाढीसंबंधीचे एक छायाचित्र २०१४ पासून इतक्या ठिकाणी छापले गेले आहे, की ते बऱ्याच शिक्षकांच्या पाहण्यात असेल. त्यात तीन वाणांची प्रत्येकी एक कोंबडी जन्मतः, २८ व्या दिवशी आणि ५६ व्या दिवशी दाखवली आहे. पहिली १९५७ च्या वाणाची, दुसरी १९७८ च्या वाणाची आणि तिसरी २००५ मधील ‘रॉस ३०८’ ब्रॉयलर. ५६ व्या दिवसाची वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या झुइडहॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातले हे चित्र आहे.

प्रयोगाची मांडणी उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. विद्यापीठाने जुने दोन वाण निवड न करता, जसेच्या तसे जोपासले होते. तिन्ही वाणांना एकच खाद्य दिले. म्हणजे वजनातला फरक आनुवंशिकतेचा. आपल्याकडे ‘इंजेक्शनची कोंबडी’ हा शब्द शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. अशा वाढीला इंजेक्शनची गरज नाही, एवढे या प्रयोगावरून नक्की म्हणता येते. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत हॅवनस्टाइन यांनी जुन्या व नव्या वाणांना जुने व नवे खाद्य आलटून पालटून दिले होते. वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक वाणाचा आणि उरलेला खाद्याचा, असे त्यांना आढळले.

आमची तक्रार प्रयोगाविषयी नाही, चित्र ज्या तऱ्हेने वाचले जाते त्याविषयी आहे. निबंधाच्या सारांशात वाढ ‘४०० टक्क्यांहून अधिक’ झाल्याचे म्हटले आहे. ४२०२ ला ९०५ ने भागा. उत्तर ४.६४ येते. म्हणजे वजन साडेचार पटींहून अधिक झाले, पण वाढ ३६४ टक्के. ‘चौपट झाले’ आणि ‘चौपटीने वाढले’ यांतला घोटाळा आमच्या परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसतो. तो इथेही डोकावला आहे. शिवाय वजने नर-मादी मिळून काढलेली सरासरी आहेत आणि चित्र मात्र एकेकाच पक्ष्याचे.

याहून महत्त्वाचे ते चित्रात दिसतच नाही. पहिल्या दिवशीची पिल्ले पाहा : ३४, ४२ आणि ४४ ग्रॅम. जवळजवळ सारखीच. पाहणाऱ्याला वाटते, फरक पडतो तो पुढच्या आठ आठवड्यांत. परंतु कोंबडीच्या स्नायूतंतूंची संख्या बहुतांशी अंड्यातच ठरून जाते. पिल्लू बाहेर आल्यावर नवे तंतू फारसे तयार होत नाहीत. असलेलेच लांब आणि जाड होतात. त्यांना चिकटून असलेल्या राखीव पेशी विभागतात, तंतूत विलीन होतात आणि त्याला नवी केंद्रके पुरवतात. मांसासाठी निवडलेल्या वाणांत तंतू संख्येनेही जास्त आणि जाडही असतात. याच निबंधानुसार शरीराच्या वजनात छातीच्या मोठ्या स्नायूचा वाटा (४२ व्या दिवशी) नरांत ७९ आणि माद्यांत ८५ टक्क्यांनी वाढला. तंतू जाड झाला, की त्याच्या गाभ्यापासून केशवाहिन्या दूर पडतात आणि प्राणवायू पोचणे अवघड होते. अलीकडे ब्रॉयलरच्या छातीत आढळणाऱ्या पांढऱ्या रेषा आणि लाकडासारखा कडकपणा यांचा संबंध याच्याशी जोडला जातो.

आणि हाडे? इथे साधे गणित करून घेता येईल. कोंबडी सर्व बाजूंनी सारखीच मोठी झाली असे धरू. वजन ४.६४ पट, तर लांबी-रुंदी १.६७ पट आणि हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ २.७८ पट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा भारही १.६७ पट. प्रत्यक्षात हाडे त्याहून जाड होतात, पण घाईने. भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांच्या नडगीच्या हाडाचे कवच अधिक सच्छिद्र असते आणि त्यात खनिजे कमी असतात, असे ब्रिटनमधील अभ्यासात दिसले आहे. काहींत तर वाढीच्या टोकाशी कूर्चेचे हाडात रूपांतर व्हायचे राहून जाते आणि पक्षी लंगडतो. निबंधाच्या सारांशात हाडे व स्नायू यांच्या अडचणींना अर्धे वाक्य मिळाले आहे : पुढील निवडीत त्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल, एवढेच. चित्राला लाभलेली प्रसिद्धी त्या अर्ध्या वाक्याला लाभली नाही.

हे चित्र वर्गात दाखवावेच, पण सोबत खाटकाकडून दोन तंगड्या आणाव्यात. एक ब्रॉयलरची, दुसरी जुन्या गावठी कोंबडीची. उकडून, मांस काढून हाडे उभी चिरावीत. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विकली जाते, त्यामुळे तिच्या हाडाच्या टोकाशी अजून मऊ, पांढरट कूर्चा सापडेल. गावठी कोंबडीचे हाड चिरायला मात्र करवत लागेल.