धावते वर्णन आणि बसलेला प्रेक्षक

रेडिओवरून सामन्याची हकीकत सांगण्याच्या प्रकाराला मराठीत दोन नावे आहेत. एक ‘धावते वर्णन’ आणि दुसरे ‘समालोचन’. ही दोन्ही नावे आपण एकाच अर्थाने वापरतो आणि त्यात काही चुकते आहे असे कोणालाही वाटत नाही. परंतु साहित्याच्या प्रांतात ‘समालोचन’ या शब्दाला निराळेच वजन आहे. पुस्तकाचे कथानक सांगणे म्हणजे समालोचन नव्हे; ते पारखणे, त्याविषयी मत बनवणे आणि त्या मताची जबाबदारी घेणे म्हणजे समालोचन. मग ध्वनिक्षेपकापुढे बसलेला माणूस या दोहोंपैकी नेमके काय करीत असतो? मला वाटते, याचे उत्तर त्याच्या हाती नाहीच. ते ऐकणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून आहे. घरी बसलेल्याला जे वर्णन असते, तेच वाक्य मैदानात तिकीट काढून बसलेल्या आणि कानाशी ट्रान्झिस्टर धरलेल्या माणसाला समालोचन होते. सामना त्याच्या डोळ्यांपुढेच असतो. वर्णनाची त्याला गरज नसते. या विचित्र श्रोत्याकडे आपण आजवर गंमत म्हणूनच पाहिले. वस्तुतः टीकाशास्त्राचा एक अवघड प्रश्न तो कानाशी धरून बसलेला असतो.

सोलापूरच्या पार्क मैदानावर हा श्रोता मी प्रथम पाहिला. छिद्रे पाडलेल्या चामडी पिशवीतला तो संच, त्याची वर ओढलेली काडी आणि त्याभोवती आपोआप जमणारे दहा-बारा लोकांचे कोंडाळे. मात्र त्या संचातून बहुधा दुसऱ्याच गावचा सामना ऐकू येई. डोळे पार्कवर आणि कान ब्रेबॉर्नवर किंवा ईडन गार्डन्सवर! समोरचा गोलंदाज चेंडू घासत उभा असताना प्रेक्षकांतून टाळ्यांचा कडकडाट होई आणि बिचाऱ्या क्षेत्ररक्षकांना आपण काय पराक्रम केला ते कळत नसे. त्यात सोलापूर हे तीन भाषांचे गाव. रेडिओवरचे इंग्रजी किंवा हिंदी वाक्य एकजण मराठीत सांगे, शेजारचा ते कानडीत करी, आणि मागच्या रांगेत ते तेलुगूत पोहोचेपर्यंत चौकाराचा षटकार झालेला असे. जन्माने सोलापूरचे असलेले पॉली उम्रीगर खेळून गेल्याला बरीच वर्षे झाली होती. पण त्या कोंडाळ्यात त्यांचे षटकार मात्र अजून वाढतच होते.

तरीही हा आपला खरा विषय नव्हे. जो सामना दिसतो तोच ऐकण्याचा अनुभव यायला सोलापूरकराला रात्रीची गाडी धरून मुंबईला जावे लागे. कसोटी सामन्याच्या गर्दीत शिरल्यावर मला पहिले आश्चर्य वाटले ते खेळाचे नव्हे. मैदानाच्या चारी बाजूंनी एकच आवाज, बारीक कुजबुजीसारखा, पसरून राहिला होता. एवढे पैसे मोजून, उन्हात बसून लोक घरच्याघरी फुकट मिळणारी गोष्ट ऐकत होते!

ही कला जन्मली ती गैरहजर माणसासाठी. 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचे वर्णन ध्वनिक्षेपित केले. त्यासाठी ‘रेडिओ टाइम्स’ने मैदानाचा चौकटी पाडलेला, आकडे घातलेला नकाशा छापला होता. वर्णन करणाऱ्याच्या जोडीला बसलेला माणूस चौकटीचा आकडा पुकारी आणि घरी बसलेल्याने नकाशावर बोट ठेवून चेंडू शोधावा, अशी ती योजना. ज्याच्यापुढे प्रत्यक्ष मैदान आहे त्याला या नकाशाचा काय उपयोग? आपल्याकडे 1934 साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी क्रिकेटचे वर्णन केले. ते दिवसभर एकटे बोलत. ध्वनिक्षेपकापाशी दुसरा भागीदार त्यांना खपत नसे. या हट्टाची थट्टा झाली, पण मला तो हट्ट समजतो. कादंबरीला दोन निवेदक असले तरी चालते, पण एका डोळ्याने पाहिलेले जग तीन जणांनी पाळीपाळीने सांगितले की त्याची वीण उसवते.

या प्रसंगी संजयाचे नाव निघणारच, आणि ते फार वेळा निघालेले आहे. मला त्यात एकच भर घालायची आहे. संजय बोलला तो आंधळ्या राजाशी, रणांगणापासून दूर. त्याचे बोलणे कुरुक्षेत्रावर उभ्या असलेल्या एखाद्या सैनिकाच्या कानी पडले असते तर? त्या सैनिकाने भाला टाकायचा की उचलायचा, हे त्या शब्दांनी ठरवले असते. महाभारतकारांनी ही आपत्ती टाळली. ट्रान्झिस्टरने ती ओढवून घेतली.

मैदानातला माणूस रेडिओ का ऐकतो याची साधी कारणे आहेत. खेळपट्टी लांब असते, क्षेत्ररक्षक ओळखू येत नाही, धावफलक अर्धा झाकलेला असतो. पण याहून खोल कारण म्हणजे, पाहिलेल्या गोष्टीला नाव हवे असते. बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेट सांगायला सुरुवात केली, तेव्हा हा लाभ मराठी श्रोत्याला झाला. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी स्पर्धेत खेळलेले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात पाठांतर नव्हते, अंगवळणी पडलेले ज्ञान होते. पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक असे शब्द जनसामान्यांच्या तोंडी रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. गिरणीत पाळी करून आलेल्या माणसाने शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट ‘पायचीत’ म्हटल्याबरोबर त्याच्या मालकीची झाली. चांगला टीकाकार वाचकासाठी हेच करतो. वाचकाला जाणवलेले पण सांगता न आलेले असे जे असते, त्याला तो शब्द देतो. ‘पायचीत’ हा शब्द मला कित्येक टीकालेखांहून मोलाचा वाटतो, हे येथेच कबूल करून टाकतो.

मात्र ज्याच्याकडून शब्द घेतला त्याच्याकडून निकालही घेण्याची सवय लागते, आणि तेथे घात होतो. नोव्हेंबर 1969 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर बिल लॉरीच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध पहिली कसोटी चालू होती. दुसऱ्या डावात भारताची फळी कोसळत चालली होती. एका टोकाला अजित वाडेकर टिकून होते. अशा वेळी कॉनोलीच्या चेंडूवर वेंकटराघवन यांना पंच शंभू पान यांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. आकाशवाणीवर देवराज पुरी बोलत होते. निर्णय चुकीचा आहे, असे मत त्यांनी बोलून दाखवले. ते शब्द घराघरांत गेले तसेच स्टेडियममधल्या शेकडो ट्रान्झिस्टरांतूनही निघाले, आणि प्रेक्षक खवळले. बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या, धूर मैदानावर पसरला. सामना ऑस्ट्रेलियाने आठ गडी राखून जिंकला.

दंगल एका वाक्याने झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गडी पडत होते, गर्दी होती, राग साचलेला होता. पण रागाला कारण लागते, आणि ते कारण डोळ्यांनी पुरवलेले नव्हते. चेंडूने बॅटची कड घेतली की नाही हे तेथल्या प्रेक्षकांपैकी कोणाला दिसणे शक्य होते? गंमत अशी की, समालोचकही काही खेळपट्टीवर उभा नव्हता. तोही सीमारेषेपलीकडे, प्रेक्षकांइतकाच लांब बसलेला होता. त्या दृश्याच्या जवळ उभा असलेला तटस्थ माणूस एकच, आणि त्याच्यावरच अविश्वास दाखवला गेला. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, पंचाच्याही ठेवला नाही. ठेवला तो तितक्याच दूरच्या तिसऱ्या डोळ्यांवर, कारण त्या डोळ्यांना आवाज होता.

यावरून समालोचकाने पंचाविषयी तोंड उघडूच नये असा उपदेश कोणी करील. मला तो मान्य नाही. मत नसलेले समालोचन म्हणजे धावफलकाचे वाचन. दोष मत देण्यात नसून त्याच्या व्याकरणात आहे. ‘चेंडू कड घेऊन गेला नाही’ हे वर्णनाचे वाक्य. ‘मला येथून तसे दिसले नाही’ हे समालोचनाचे. पहिल्यात बोलणारा अदृश्य असतो, दुसऱ्यात तो आपली बसण्याची जागा दाखवतो. दिवसभर वर्णन ऐकत आलेल्या कानाला मतही वर्णनासारखेच ऐकू येते. म्हणून मत देताना स्वर बदलणे हे समालोचकाचे कर्तव्य ठरते. आपल्या टीकाकारांनाही हे लागू आहे. ‘ही कादंबरी फसली आहे’ असे लिहिणारा वर्णनाच्या थाटात निकाल देतो, आणि ज्याच्या हातात कादंबरी आहे तोही ती मिटून ठेवतो.

समोर बसलेल्यांशी कसे बोलावे याचा वस्तुपाठ मात्र आमच्या भागात फार जवळ आहे. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड पाहा. हलगी घुमत असते आणि कर्ण्यावरून निवेदक बोलत असतो. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी या बोलण्याला कलेचा दर्जा मिळवून दिला. सारा फड कुस्ती पाहतो आहे हे निवेदकाला ठाऊक असते. म्हणून अमक्याने तमक्याचा पाय धरला, एवढ्यावर तो थांबत नाही. मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, मागच्या खेपेस कोणाशी बरोबरीत सुटला, हे तो सांगतो. ढाक, घिस्सा, कलाजंग ही डावांची नावे तो क्षणार्धात पुरवतो. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही तेवढेच कानांना देतो. आणि पाठ टेकली की नाही असा प्रश्न आला की तो पंचाच्या हाताकडे पाहतो, फडही तिकडेच पाहतो. आकाशवाणीच्या विद्वानांनी हा फड ऐकला असता तर बरे झाले असते.

आता प्रेक्षकाच्या हाती ट्रान्झिस्टर नाही, भ्रमणध्वनी आहे. आणि त्यावरचा आवाज काही क्षण मागून येतो. मैदानात गडी बाद होऊन तंबूकडे निघालेला असतो आणि कानात गोलंदाज अजून धावत येत असतो. पूर्वी शब्द आणि दृश्य एकत्र येत, आणि पाहणाऱ्याला मत बनवायला उसंत नसे. आता त्याला ती आयती मिळते. परवा पार्कवर एक तरुण कानात बोंड्या घालून बसला होता. कोणत्या सामन्याचे ऐकतोस असे मी विचारले, तेव्हा एक बोंडी काढून तो म्हणाला, “आजोबा, गाणी लावलीत. खेळ दिसतोय की समोर.”