किल्ला सुधारला, मावळा मागे राहिला

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दिवाळीचा किल्ला कमालीचा सुधारला आहे. पूर्वी दगड-विटांचा ढीग, त्यावर पोतं, पोत्यावर चिखल आणि चिखलात अळीव पेरलं की किल्ला झाला. आता पोरं राजगड करतात आणि त्याच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या लांबून ओळखू येतात. गड पायी फिरून आलेली मोठी भावंडं, मोबाइलवरचे नकाशे, स्पर्धांचे परीक्षक, सगळ्यांचा यात हात आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, जागतिक वारशात घेतले. त्यानेही या हौसेला बळ दिलं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीकडे अडचण मातीपासूनच. इथली काळी जमीन तुरीला चांगली, किल्ल्याला वाईट. ओली असताना हवी तशी थापली जाते, पण दोन दिवस ऊन लागलं की बुरूज उभा चिरतो. म्हणून जाणता मुलगा पडक्या वाड्याच्या भिंतीची पांढरी माती आणतो, तिच्यात भुसकट मळतो आणि काळी माती पायथ्याच्या शेतापुरतीच ठेवतो. माती ओळखून काम करणं हीच कारागिरीची पहिली खूण, आणि ती इथल्या पोरांत आहे.

ती त्या किल्ल्यावरच्या शिपायात मात्र नाही. बाजारातला प्लॅस्टरचा मावळा हातात घेऊन नीट पाहा. ढाल छातीला चिकटलेली, तलवार खांद्याला चिकटलेली, दोन पायांच्या मध्ये फट नाही. पुढचा-मागचा साचा जुळवला की बाहेर काहीही अडता कामा नये, म्हणून मूर्तीचा प्रत्येक अवयव अंगाशी ओढून घेतलेला असतो. पहारेकरी, गोलंदाज, भालाईत, सगळ्यांचा एकच चेहरा, एकच अंगरखा, मिशांचा एकच फटकारा. महादरवाजाशी उभा केला तर हा शिपाई दरवाजापेक्षा उंच. बनवणाऱ्या कुंभाराला मी दोष देत नाही. दिवाळीच्या आठवडाभरात जे विकलं जाईल त्यावर त्याचं वर्ष असतं, आणि गिऱ्हाईक मावळा मागतं, कोणत्या पथकातला ते विचारत नाही.

नेपोलियनच्या काळातल्या फौजा छोट्या शिपायांच्या रूपात उभ्या करून टेबलावर लढाई खेळणाऱ्यांचा जो पंथ युरोपात वाढला, त्याच्याशी आपल्या किल्ल्याची तुलना मला इथेच करावीशी वाटते. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये या खेळावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा शिपाई शिशाचे होते. नंतर एअरफिक्सचे बोटाच्या पेराएवढे मऊ प्लास्टिकचे शिपाई आले. स्वस्त होते, पण संगीन वाकायची आणि रंगाचे पोपडे निघायचे. खरी उडी गेल्या वीस वर्षांतली, कडक पॉलिस्टायरीनची. नॉटिंगहॅमचे ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे मूर्तिकार, व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड अशा कंपन्या आता साधारण 28 मिलिमीटर उंचीचे शिपाई सुट्या भागांत, चौकटीला जोडलेले देतात. एका डब्यात चाळीस-पन्नास माणसं, म्हणजे अख्खी पलटण.

हे भाग जोडणं हेच निम्मं काम. नेलकटरने नव्हे, सपाट पात्याच्या छोट्या पक्कडीने भाग कापायचा, साच्याच्या सांध्याची बारीक रेघ पात्याने खरवडून काढायची, मग प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या पातळ डिंकाचा एक थेंब. धड एक, हात दोन, डोकं वेगळं, पाठीवरची पिशवी वेगळी. हे भाग ज्या पोलादी साच्यात घडतात त्यालाही तीच अडचण आहे जी आपल्या कुंभाराच्या साच्याला आहे: आत वळलेला भाग सुटत नाही. फरक इतकाच, की तिकडे त्यावर तोड म्हणून शिपाई तुकड्यांत विभागला आणि जोडणाऱ्याच्या हाती दिला. त्यातून एकाच डब्यातला एक शिपाई नेम धरतो, दुसरा काडतूस दाताने फोडतो, तिसरा मागे वळून पाहतो. कुणाचा हात कुणाला लावायचा हे जोडणारा ठरवतो आणि तिथे तो निव्वळ गिऱ्हाईक राहत नाही.

दुसरी गोष्ट अचूकपणाची. 1808 नंतरच्या फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या असत. त्यांतल्या चार साध्या कंपन्यांच्या टोपीवरचे गोंडे ओळीने हिरवे, आकाशी, नारिंगी आणि जांभळे. रंगवणारा हे पाळतो आणि चुकला तर दुसरा त्याला दाखवून देतो. हा काटेकोरपणा मला कोरडा वाटत नाही. मेलेल्या शिपायाच्या कपड्याचा रंग बरोबर लावणं हा त्याची दखल घेण्याचा एक मार्ग आहे.

या पंथाचा दोषही मोठा आहे. पोलादी साचा महाग पडतो, त्यामुळे ज्याला हमखास खप तेच प्लास्टिकात येतं आणि सगळी गर्दी 18 जून 1815 च्या वॉटर्लूभोवती होते. ज्या वेलिंग्टनसाठी एवढे डबे निघतात तो 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या कंपूंशी लढला होता, आणि पुढे आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून तो असईच सांगे. त्याची दीड हजारावर माणसं तिथे मेली वा जखमी झाली. समोर महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय अधिकाऱ्याकडून उभारून घेतलेली कवायती पायदळाची परंपरा होती आणि हुकूम द्यायला पोलमान हा हॅनोव्हरचा माणूस. म्हणजे असई नेपोलियनकालीन लढाईच आहे, आपल्या जमिनीवरची. तरी या बाजूची फौज मिळते ती बहुतेक धातूच्या ओतीव शिपायांत, थोड्या प्रकारांत आणि महाग.

आपल्या किल्ल्याने या खेळाकडून एक युक्ती घ्यावी असं मला फार वाटतं. त्यांच्याकडे शिपायाचं प्रमाण वेगळं आणि जमिनीचं वेगळं; एक शिपाई वीस-पंचवीस माणसांच्या जागी उभा राहतो, चोवीस शिपायांची रांग म्हणजे सहाशेची पलटण. रायगड समुद्रसपाटीपासून 820 मीटर. बोटाएवढ्या मावळ्याच्या मापाने तो करायचा तर दहा मजली इमारतीएवढा होईल. तेव्हा अख्खा गड आणि माणूस एका मापात बसवण्याचा हट्ट सोडून नुसता महादरवाजा करावा, त्याचे दोन बुरूज, मधली वळणाची वाट. तिथे पहारेकरी खरा दिसेल. ज्याला अख्खा गडच करायचा आहे त्याने माणसं गव्हाच्या दाण्याएवढी करावीत. आज दोन्ही एकत्र होतं आणि सुंदर बांधलेला गड त्यावरच्या शिपायांमुळे बुटका दिसतो.

विषयही वाढायला हवेत. प्रतापगड आणि पावनखिंड यांचा मान आहेच, पण सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाच्या दाराशी 1818 आहे. त्या वर्षी 20 फेब्रुवारीला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रो सोलापुरावर आला, तेव्हा गणपतराव पानसे पेशव्यांचं पायदळ आणि तोफा घेऊन किल्ल्याबाहेर उभे राहिले आणि जबर जखमी झाले. त्यांची फौज सीनेच्या दिशेने निघाली आणि मन्रोच्या हाताखालच्या प्रित्झलरच्या घोडदळाने पाठलाग करून ती मोडली. 15 मेला भुईकोट गेला. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी खंदक, बाहेर पेठ. सपाट जमिनीवरचा हा किल्ला अंगणात मापात बसतो, डोंगर रचावा लागत नाही. या जिल्ह्यात हा देखावा घरोघरी व्हायला हवा.

शिपाई कुठून आणायचे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरला पोलादी साचा लागत नाही, दहा नग काढले तरी चालतं. अडतं ते मूळ नमुना घडवणाऱ्याच्या अभ्यासापाशी. आधार आहेत: दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटनच्या 1813 च्या पुस्तकातली रंगीत चित्रं, पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आणि आमच्या जवळचं अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय. मूर्तिकाराने तिथे मूठ, म्यान, बंदुकीचा दस्ता पाहून यावं, मगच नमुन्याला हात घालावा.

पहिल्या संचात मला घोड्यावरचा सरदार नको. कमरेला जंबिया लावलेले अरब हवेत, गारदी हवेत, ठासणीचा गज धरलेला गोलंदाज हवा. आणि तोफेमागे बैलांच्या जोड्या हव्यात. युरोपातल्या संचांत तोफ घोडे ओढतात; पानशांच्या तोफा ज्या काळ्या रानातून ओढत न्यायच्या होत्या तिथे बैलांशिवाय गाडा हललाच नसता, आणि ते जू, त्या बैलांची वशिंडं, पुढे चालणारा गाडीवान आजवर कुणी मन लावून घडवलेला मी पाहिला नाही.