अरेथूसेचे दोन चेहरे

आपल्याकडे नाण्याकडे पाहिले जाते ते इतिहासाचे साधन म्हणून. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली आणि नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने मारलेल्या ठशांनी कोणी कोणाला जिंकले ते सांगून टाकले. नाणे सुंदर आहे काय, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगराच्या दहा द्राख्मांच्या नाण्यापुढे मात्र तो टाळता येत नाही. (आपल्या शिलालेखांतला ‘द्रम्म’ याच द्राख्माचा वंशज.) पहिल्या डायोनिसियसच्या अमदानीत, इ. स. पूर्व ४०५ च्या सुमारास, ही नाणी पडू लागली. वजन सुमारे ४३ ग्रॅम. एका बाजूस चार घोड्यांचा धावता रथ, वर विजयदेवता, खाली बक्षिसाची शस्त्रे. दुसरीकडे डॉल्फिन माशांनी वेढलेले स्त्रीमुख. ठसे कोरणाऱ्या दोघांनी त्यांवर आपली नावे घातली : किमोन आणि युएनेटॉस.

युएनेटॉसची स्त्री पानांची माळ ल्यालेली आहे. तिला कोणी झऱ्याची देवता अरेथूसा म्हणतात, कोणी पर्सेफनी. आणि हा मतभेदच तिच्याविषयी पुष्कळ सांगतो. ती निर्दोष आहे, आणि कोणाचीही होऊ शकते. कार्थेजवाल्यांनी तिला उचलून आपल्या नाण्यांवर बसविले, तेव्हा तिला तेथे परके वाटले नसावे. किमोनच्या अरेथूसेचे केस जाळीत बांधलेले, ओठ किंचित जड, मुद्रा थोडी रुसलेली. ही विशिष्ट बाई आहे. माझा कौल तिला आहे, आणि तो केवळ आवडीचा नाही असे मला वाटते.

कारण नाणे ओळखण्याची विद्या शेवटी याच विशिष्टापाशी येते. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, म्हणून दुसऱ्यासारखा नाही. एकाच ठशातून निघालेली नाणी भावंडे. ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते, ती वाढत जाते, आणि रेघेच्या लांबीवरून कोण थोरले, कोण धाकटे ते कळते. ओतीव नकलेवर कडेला सांध्याची खूण असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात, कोरणीची धार बोथट झालेली असते. हे शिकता येते.

पण कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन गृहस्थापुढे हे शिक्षण अपुरे पडे. तो नाणी ओतीत नसे. स्वतः पोलादी ठसे कोरून हातोड्याने पाडी, आणि पुष्कळदा त्यासाठी चांदी म्हणून जुनीच स्वस्त नाणी वापरी. धातू प्राचीन, पद्धत प्राचीन. नवी नाणी लोखंडाच्या किसात घालून तो गाडीतून फिरवून आणी, म्हणजे झिजून ती वयस्कर दिसत, असे सांगतात. अशा वेळी वजनकाटा गप्प बसतो. उरतो तो प्रश्न शैलीचा, म्हणजे समीक्षेचा. बेकरच्या ग्रीक मुखांत काही चुकीचे सापडत नाही. परंतु ती ग्रीकांनी कसे दिसावे याविषयी त्याच्या काळाची जी अपेक्षा होती, तिची पूर्ती करतात. समकालीनांना ती खरी वाटली याचे कारण हेच, आणि आपल्याला ती खोटी वाटतात याचेही हेच.

मग ज्यांनी ती पाहून आनंद मानला, त्यांचा आनंद खोटा होता काय? मी तसे म्हणायला धजत नाही. ते आपल्याच काळाचे सुंदर चित्र पाहत होते. फक्त त्याखाली नाव दुसऱ्याचे होते. किमोनने सर्वांत अवघड काम केले ते लहान नाण्यावर, चार द्राख्मांच्या. तेथे अरेथूसा समोर पाहते, केस पाण्यासारखे पसरलेले. असे मुख हातांतून फिरले की प्रथम नाक झिजते, आणि बाजारात त्याची किंमत उतरते. थेसलीतल्या लारिसाने त्या मुखाची नक्कल केली. तीही गोड आहे, पण तिने रुसवा घेतला नाही.

बेकरचे ठसे आता बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. त्याच्या नाण्यांचेही संग्राहक आहेत, आणि तेही ती पारखूनच घेतात.