प्रीति, दुखणें आणि आमची कादंबरी

तरुण वाचकांसाठीं लिहिलेल्या कादंबऱ्यांत प्रीति आणि असाध्य व्याधि यांची जोडी हल्लीं वारंवार आढळते. त्यांतील अतिशय गाजलेली कृति म्हणजे जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची २०१२ सालची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. २०२० मध्यें 'दिल बेचारा' या हिंदी चित्रपटाच्या रूपानें तिची कथा आमच्याकडेहि आली.

हेझल सोळा वर्षांची. तिचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेला, ऑक्सिजनचें नळकांडें सदैव सोबत. ऑगस्टस सतरा वर्षांचा. हाडाच्या कर्करोगानें एक पाय गेलेला. आवडत्या लेखकाला भेटावयास दोघें ॲम्स्टरडॅमला जातात. तो मद्यपी व उद्धट निघतो. पुढें मृत्यु येतो तो मात्र ऑगस्टसला. एवढ्यावरून ही केवळ रडविणारी कथा ठरविणें अन्यायाचें होईल. सिगारेटचें पाकीट आणावयास हट्टानें एकटाच गेलेला ऑगस्टस रात्रीं पेट्रोल पंपावर असहाय होऊन पडतो, त्या प्रसंगीं रोगी म्हणजे धीरोदात्त नायक ही भाबडी समजूत लेखकानें पार मोडून टाकली आहे. दोघांचें बोलणें वयाच्या मानानें फार पंडिती वाटतें, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

परंतु केज तालुक्यांतील युसूफ वडगावसारख्या गावीं हें पुस्तक वाचतांना निराळाच विचार मनांत येतो. हेझलचें दुखणें उघड आहे; आईच तिला इतर रोग्यांच्या बैठकीस धाडते. आमच्याकडे उपवर मुलीला क्षय झाला, तर पुष्कळ घरांत औषधाआधीं सोयरिकीची काळजी सुरू होते. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधानें बरा होतो. तरी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेली मुलगी शेजारणीला 'मावशीकडे जातें' असेंच सांगेल. प्रीति आणि व्याधि, दोहोंनाहि येथें सारखेंच लपावें लागतें.

आमच्या कादंबरीचा विषय तो हाच. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' मध्यें यमूच्या तोंडून कोंवळ्या वयांतील संसार आणि वैधव्य वदविलें. मिलिंद बोकिलांनीं 'शाळा' (२००४) मध्यें आणीबाणीच्या काळांतील नववीच्या मुलाचें प्रेम रंगविलें. तेव्हां सामर्थ्य आमच्या भाषेंत आहे. त्या मुलीची दोन्ही गुपितें तिच्याच तोंडून ऐकण्याची तयारी हवी.

तोंवर आईबापांस एवढीच विनंति, कीं असलीं पुस्तकें मुलांच्या हातून काढून घेऊं नयेत, त्यांच्याबरोबर वाचावींत. हेझलच्या दुखण्याविषयीं जी मुलगी घरांत मोकळेपणीं बोलली, तिला उद्यां स्वतःचा खोकला सांगण्यास कदाचित् भीति वाटणार नाहीं.