‘जास्त बंदुका, कमी गुन्हे’: एका शीर्षकाची उलटतपासणी



‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण सगळेच घोकतो. प्रश्न आला की चार ओळी लिहितो, गुण घेतो आणि पुढे जातो. हे वाक्य माणसांच्या जिवाशी जोडलं गेलं की काय होतं, ते बघायचं असेल तर एक पुस्तक जरूर वाचा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांचं ‘मोअर गन्स, लेस क्राइम’. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते १९९८ मध्ये काढलं आणि २०१० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. बंदूकधार्जिण्या राजकारणाला आकडेवारीचा आधार हवा होता, तो या पुस्तकाने दिला.

आपला विषय बंदुका नसेलही. तरी हे पुस्तक आणि त्यावर झालेली टीका शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर रिसर्च डिझाइन कुठे कुठे कोसळू शकतं ते जितकं कळतं, तितकं पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

आधी दावा नीट समजून घेऊ

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना देताना अधिकारी पोलिसांचा अहवाल बघतो आणि तुम्हाला शस्त्राची गरज आहे का, हेही तपासतो. अमेरिकेत अनेक राज्यांनी १९८०च्या दशकापासून वेगळी वाट धरली. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना द्यायचाच. ‘तुम्हाला कशाला हवं?’ हे अधिकाऱ्याने विचारायचं नाही. अशा कायद्यांना ‘राइट टु कॅरी’ म्हणतात.

लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. तोच पुढे पुस्तकाचा पाया झाला. माहिती होती १९७७ ते १९९२ या काळातली, ३,०५४ काउंटींची. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने बहुधा लहान.) निष्कर्ष असा, की परवाना सोपा केला की हिंसक गुन्हे कमी होतात, कारण समोरच्याकडे पिस्तूल असेल या भीतीने गुन्हेगार बिचकतो. उरलेल्या राज्यांनीही १९९२ मध्ये हा कायदा केला असता तर वर्षाला सुमारे १,५७० खून, ४,१७७ बलात्कार आणि ६०,००० हून जास्त गंभीर हल्ले टळले असते, असं त्यांनी लिहिलं.

हे आकडे वाचून कोणत्याही आमदाराच्या मनात काय येईल? ‘कायदा अडवून धरणारे लोक या खुनांना जबाबदार आहेत.’ आकड्याची ताकद ही अशी असते. म्हणूनच तो कसा निघाला हे विचारणं आपलं काम आहे.

नमुना नेमका किती मोठा?

३,०५४ काउंटी गुणिले १६ वर्षं म्हणजे जवळपास ४९ हजार नोंदी. ऐकायला भारदस्त वाटतं. पण कायदा काउंटी करत नाही, राज्य करतं. आणि त्या काळात कायदा बदललेली राज्यं होती फक्त १०. म्हणजे ज्या ‘उपचारा’चा परिणाम मोजायचा, तो घडला १० ठिकाणी. एकाच राज्यातल्या काउंटी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. तिथलं पोलीस धोरण, तुरुंग आणि अर्थव्यवस्था बऱ्याच अंशी सामायिक असते.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. दहा कुंड्यांमध्ये प्रत्येकी शंभर रोपं लावली आणि खत कुंडीनिहाय घातलं, तर नमुना दहाच. हजार म्हणालात तर गाईड प्रबंध परत पाठवतील.

डॅन ब्लॅक आणि डॅनियल नॅगिन यांनी १९९८ मध्येच हा कच्चा दुवा पकडला. एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या काउंटी घेऊन त्यांनी फ्लोरिडा हे एक राज्य बाजूला काढून पाहिलं. खून आणि बलात्कार यांवरचा परिणाम दिसेनासा झाला. फ्लोरिडाची गोष्टच निराळी होती. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख माणसं बोटींनी तिथे आली, शिवाय मायामी हे अमली पदार्थांच्या व्यापाराचं केंद्र होतं, आणि त्या दशकात तिथल्या गुन्ह्यांचा आलेख असाही वरखाली होत होता. एका राज्याच्या जोरावर उभा राहिलेला निष्कर्ष संपूर्ण देशाला कसा लावायचा?

काळाची खिडकी

माझ्या मते मूळ शोधनिबंधाचा सगळ्यात मोठा दोष इथे आहे. माहिती थांबते १९९२ ला. तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत क्रॅक कोकेनची लाट होती आणि तिच्यामागोमाग टोळीयुद्धं. या लाटेचा मोठा तडाखा न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि राजधानी वॉशिंग्टन यांना बसला. या ठिकाणी सोप्या परवान्याचा कायदा नव्हता. तुलनेसाठी घेतलेल्या जागीच गुन्हे उसळले, त्यामुळे कायदा केलेली राज्यं आपोआप शहाणी दिसली.

मग लाट ओसरली. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२०० हून जास्त खून झाले होते, १९९८ मध्ये ते ६३० च्या आसपास आले. तिथे पिस्तुलाचा परवाना मिळणं तेव्हाही मुश्कील होतं. इयन एअर्स आणि जॉन डॉनह्यू यांनी २००३ मध्ये पुढच्या वर्षांची माहिती जोडून तीच गणितं केली आणि निष्कर्ष डळमळला. काही मॉडेलांत तर चिन्हच उलटं झालं.

इथे एक सवय लावून घ्या. कोणताही ‘आधी आणि नंतर’चा अभ्यास हाती आला की विचारा: सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष तीन-चार वर्षांनी सरकवलं तर उत्तर टिकतं का?

माहिती आली कुठून?

काउंटीनिहाय गुन्ह्यांचे आकडे एफबीआयच्या संकलनातून येतात आणि त्यात स्थानिक पोलीस ठाणी आपापल्या मर्जीने माहिती भरतात. कुणी बारा महिन्यांची देतं, कुणी चारच महिन्यांची, कुणी देतच नाही. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या जातात. मायकेल मॉल्ट्झ आणि जोसेफ टारगोन्स्की यांनी २००२ मध्ये दाखवलं की या जागा भरण्याच्या रीती अपुऱ्या आणि विसंगत आहेत. सुधारणा होईपर्यंत काउंटी पातळीची ही माहिती धोरणविषयक अभ्यासात वापरूच नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

चलांची निवडही बघण्यासारखी आहे. मॉडेलमध्ये वय, लिंग आणि वंश यांच्या जोडण्यांची ३६ चलं आहेत. ती एकमेकांत इतकी गुंतलेली, की एकाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा काढणं अवघड. शिवाय ‘अटकेचा दर’ हेही एक चल. अटका भागिले गुन्हे. खुनांचा अभ्यास करताना ज्या काउंटीत त्या वर्षी खूनच झाला नाही तिथे छेद शून्य होतो, आणि अशा नोंदी हिशेबातून गळतात. शांत गावं वगळून शांततेचा अभ्यास!

मग खरं काय?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची समिती नेमली गेली आणि २००४ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. समितीने लॉट यांचीच माहिती २००० सालापर्यंत वाढवून तपासली. निष्कर्ष: या कायद्यांमुळे हिंसक गुन्हे घटतात किंवा वाढतात, असं कोणत्याही बाजूने विश्वासाने म्हणता येत नाही. जेम्स विल्सन या सदस्याने खुनांपुरतं वेगळं मत दिलं. ते मत आणि त्याला समितीने दिलेलं उत्तर, दोन्ही अहवालातच छापली आहेत. मतभेद कसे नोंदवावेत याचा हा नमुना आहे. तुम्ही तो मुळातून वाचा.

२०१९ मध्ये डॉनह्यू आणि सहकाऱ्यांनी ‘सिंथेटिक कंट्रोल’ ही रीत वापरली. टेक्सासची तुलना कुणाशी करायची? कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का ठरावीक प्रमाणात मिसळून कायद्याआधीच्या टेक्सासशी जुळणारं एक कल्पित राज्य बनवायचं आणि कायद्यानंतर दोघांच्या वाटा किती फाकतात ते मोजायचं. राज्याराज्याने असं केल्यावर उत्तर आलं, की कायद्याच्या दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते.

आता लॉट यांच्या विरोधकांनी टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबावं. मिश्रणात कोणती राज्यं घ्यायची हा निर्णय इथेही संशोधकाच्याच हाती असतो, आणि या अभ्यासावरही टीका झालेली आहे. आपल्याला आवडलेल्या उत्तरालाही तेच चार प्रश्न विचारायचे असतात. मला हा पुरावा आधीपेक्षा भक्कम वाटतो. माझ्या राजकीय मताशी जुळतो म्हणून नव्हे, तर त्यात तुलना राज्याच्या पातळीवर केली आहे आणि काळ लांबचा घेतला आहे म्हणून.

व्यक्ती आणि काम

लॉट यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली गोष्ट अवघड आहे. स्वसंरक्षणात बंदूक वापरली जाते तेव्हा ९८ टक्के वेळा ती नुसती दाखवली तरी पुरते, असं पहिल्या आवृत्तीत ‘राष्ट्रीय सर्वेक्षणां’च्या नावे लिहिलं होतं. पुढच्या आवृत्तीत ते त्यांनी स्वतः केलेलं सर्वेक्षण झालं. मूळ माहिती मागितली गेली तेव्हा, १९९७ मध्ये हार्ड डिस्क बिघडून ती गेली, असं त्यांनी सांगितलं. पुरावा दाखवता येत नसेल तर तो आकडा छापायचा नाही, इतका साधा हा नियम आहे. आपल्या डेटाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा.

दुसरी गोष्ट त्यांच्या बाजूची. मुख्य अभ्यासाची काउंटीनिहाय माहिती त्यांनी मागणाऱ्या संशोधकांना दिली, अगदी विरोधकांनाही. वर दिलेली बरीचशी टीका त्यामुळेच शक्य झाली. पुस्तकाचं शीर्षक टिकलं नाही, पण ते तपासता आलं याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

आकड्यांचं राजकारण

आकडे खोटे ठरवण्याहून सोपा मार्ग म्हणजे आकडे तयारच होऊ न देणं. १९९३ मध्ये आर्थर केलरमन यांच्या अभ्यासात घरातली बंदूक आणि घरात होणारा खून यांचा संबंध दिसला. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने ‘डिकी दुरुस्ती’ केली: सीडीसी या आरोग्यसंस्थेचा प्रतिबंधासाठीचा निधी बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. सोबत अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलर वळवले. मजकुरात बंदी प्रचारावर होती, संशोधनावर नव्हती. पण इशारा सगळ्यांना कळला. पुढची दोन दशकं या विषयावरचं सरकारी पैशाचं संशोधन जवळपास आटलं. संसदेने स्वतंत्र निधी पुन्हा दिला तो २०१९ च्या शेवटी. ज्या विषयावर २०२० या एका वर्षात ४५,२२२ माणसं गेली (त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या), त्याची ही गत.

मोजणीचंही तेच. २०२० मध्ये खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, ही नोंदींतली सर्वात मोठी वार्षिक वाढ. आणि २०२१ मध्ये एफबीआयने माहिती गोळा करण्याची पद्धत बदलली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडे त्यात नव्हतेच. लोक सर्वात जास्त घाबरलेले असताना आकडे सर्वात अपुरे होते. मग ज्याला जे सांगायचं ते त्याने सांगितलं. २०२४ मध्ये खून जवळपास १५ टक्क्यांनी घटले, पण घट प्रचारसभेत विकली जात नाही.

आपणही यापासून दूर नाही. एनसीआरबी एका एफआयआरमधला सर्वात गंभीर गुन्हाच मोजते. ‘अमुक राज्यात गुन्हे वाढले’ ही बातमी वाचताना प्रत्यक्ष गुन्हे वाढले की तक्रार नोंदवली जाण्याचं प्रमाण वाढलं, हे आधी विचारा.

शेवटी न्यायालय. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात न्यूयॉर्कचा जुना परवाना कायदा रद्द केला आणि यापुढे कसोटी इतिहास आणि परंपरेची राहील, असं ठरवलं. कायद्यामुळे किती जीव वाचतात याचा हिशेब त्या कसोटीत येत नाही. पंचवीस वर्षं दोन्ही बाजूंनी केलेली रिग्रेशन्स न्यायालयाच्या दाराबाहेर राहिली.

मग हे सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. कायदेमंडळांना आणि मतदारांना अजूनही निर्णय घ्यायचे आहेत, आणि ‘१,५७० जीव वाचतील’ असं कुणी ठासून सांगितलं तर उत्तर द्यायला आता कुणीतरी आहे.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: आपल्या प्रस्तावातलं सगळ्यात ठाम वाक्य एका कागदावर लिहा. खाली चार प्रश्न लिहा. खरा नमुना किती? कोणता एक घटक काढला तर निष्कर्ष पडतो? काळ सरकवला तर काय होतं? रिकाम्या जागा कुणी आणि कशा भरल्या? उत्तरं गाईडकडे जाण्याआधी लिहून ठेवा. एखादं उत्तर देता आलं नाही, तर प्रस्तावातलं ते वाक्य तेवढं सौम्य करा.