‘बोधिसत्त्व’ नाटकातील शस्त्रनकार : एक परीक्षण

धर्मानंद कोसंबी यांचे ‘बोधिसत्त्व’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९४९ साली प्रसिद्ध झाले. चार निमित्ते पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही रूढ कथा त्यांनी बाजूस सारली आणि रोहिणीच्या पाण्यावरून उद्भवलेला शाक्य-कोलियांचा कलह हेच गृहत्यागाचे कारण मानले. हा बदल पालि साहित्याच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे प्रथम पाहावयास हवे.

कोसंबींचा आधार सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदण्डसुत्ताचा. शस्त्रधारणातून भय उपजते आणि आटलेल्या पाण्यातील मासळीप्रमाणे तडफडणारी माणसे पाहून आपणास संवेग झाला, असे भगवान तेथे प्रथमपुरुषी सांगतात. सुत्तात मात्र रोहिणीचे नाव नाही, शाक्यांचेही नाही. ती नावे अट्ठकथेने जोडली. आणि अट्ठकथेनुसार हा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा, भगवंतांनी स्वतः नदीतीरी जाऊन मिटविलेला. कोसंबींनी प्रसंग अट्ठकथेतून उचलला, काळ मात्र नाकारला. अशी निवड शास्त्रदृष्ट्या निर्दोष म्हणता येणार नाही. तथापि संवेगाचा तो भूतकालीन उल्लेख त्यांच्या बाजूने उभा राहतो, हेही मान्य केले पाहिजे.

खरा आक्षेप निराळाच आहे. शस्त्र नाकारणारा निघून गेला, की नाटकापुरता प्रश्न सुटतो. परंतु मागे राहणाऱ्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच प्रसंग घेतला, पण नकाराची किंमतही मांडली. तेथे शाक्य संघ बहुमताने युद्धाचा ठराव करतो आणि विरोधकापुढे देहदंड वा देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार, जमिनीची जप्ती असे पर्याय ठेवतो. ही कल्पना अतिरंजित वाटेल त्याने अमेरिकन क्रांतीतील क्वेकरांचा इतिहास पाहावा. शस्त्र आणि शपथ दोन्ही नाकारणाऱ्या या ख्रिस्ती पंथातील प्रमुखांना १७७७ साली फिलाडेल्फियातून खटल्याविना व्हर्जिनियात हद्दपार केले गेले. दोघे तेथेच मरण पावले. युद्धाला साथ देणाऱ्या सभासदांना पंथाने बाहेर काढले, तेव्हा त्यांनी १७८१ साली आपली निराळी सभा स्थापली. राज्य छळते आणि संघही दुभंगतो. नाटककार कोसंबींनी हा दुहेरी ताण जवळजवळ वगळला आहे.

वगळण्याजोगा तो त्यांना परका मात्र नव्हता. १९२९ साली ते लेनिनग्राडला गेले होते. तेथील बौद्ध संस्कृती संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व १९३० मध्येच संपले, आणि बुर्यात भिक्षू अगवान दोर्जिएव्ह १९३७ मध्ये अटक होऊन पुढच्याच वर्षी कैदेत वारले. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहात तर कोसंबी आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर (तेव्हा रत्नागिरी जिल्हा) स्वतः आले. त्या आंदोलनात त्यांना कारावासही घडला. क्वेकर दोन्ही पक्षांपासून अलिप्त राहिले, कोसंबींचा सिद्धार्थ कपिलवस्तु सोडून गेला. शिरोड्याला आलेल्या कोसंबींनी मात्र शस्त्र न उचलता कायदा मोडला आणि लोकांतच राहिले. म्हणजे तिसरा मार्ग लेखकाच्या अनुभवात होता. नाटकातील एकाही शाक्याला तो सुचू नये, याचे नवल वाटते.