घाई काचेला, सबुरी डोळ्याला

आपल्या खानदेशात रॉबर्ट गिल यांचं नाव निघालं की लगेच पारोची गोष्ट सुरू होते. अजिंठा गावातली तिची कबर, ते प्रेम, त्यावरचा सिनेमा. गिल यांची स्वतःची कबर मात्र आपल्या भुसावळात आहे. त्यांच्या छायाचित्रांबद्दल आपण फार कमी बोलतो, म्हणून आज त्याविषयीच बोलू.

१८४४ साली कंपनी सरकारने या लष्करी अधिकाऱ्याकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं काम सोपवलं. हातात आधी कुंचला होता, कॅमेरा नंतर आला. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर लेणी कोरलेली आहेत. त्यामुळे ऊन सगळ्या लेण्यांत एकाच वेळी शिरत नाही. कुठल्या खांबावर ते कधी येतं, हे एका फेरीत कळणार कसं? तिथे वर्षानुवर्षं राहून चित्रं काढणाऱ्यालाच ते कळणार.

आता गंमत बघा. त्या काळच्या प्रचलित रीतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचं. सगळं काही मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखीच घाई. म्हणजे धीर छायाचित्र घेण्याच्या क्षणात नव्हताच. तो आधीच्या वर्षांत होता.

१८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह गिल यांच्या ७४ छायाचित्रांचं पुस्तक निघालं. आमची तक्रार या पुस्तकाच्या मांडणीबद्दल आहे. तिथे छायाचित्र वास्तुकलेच्या इतिहासाचा पुरावा म्हणून येतं. खांब दिसतात, कमानी दिसतात. छायाचित्रकार तिथे किती वेळा आला, हे दिसत नाही. रंग तर त्या छायाचित्रांत येणं शक्यच नव्हतं, आणि अजिंठ्याचा प्राण रंगात आहे.

पुढे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. इतक्या वर्षांची मेहनत गेली. तरी गिल अजिंठ्याला परतले, पुन्हा कामाला लागले.

पण नुसतं परत जाणं म्हणजे धीर का? नाही. देवळातला पुजारीही रोज त्याच पायऱ्या चढतो. त्याला प्रत्येक पायरी दिसतेच असं नाही. सवय जुनं चित्र पक्कं करते, धीर त्यावर शंका घेतो. हेराक्लिटस म्हणाला, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की हे कळायलाही दुसऱ्यांदा उतरावंच लागतं.

धुळेकरांना तर लळिंगचा किल्ला हाताशी आहे. एकाच जागेवरून चैत्रात एक फोटो घ्या, श्रावणात दुसरा. दुसऱ्याने पहिल्याशी भांडण काढलं, तर तुमचं बघणं सुरू झालं म्हणायचं.